बाजरीवरची फीत

लोणीत यशोधराला नाव पडलं होतं 'पायपात कान घालणारी'. नाव ठेवणाऱ्यांचा तरी काय दोष? चाळिशीला टेकलेली बाई, पुण्यात शिकलेली, पुण्यात नोकरी केलेली, गावी परत येते आणि ओसरीवर बसून चार इंची पाइप करवतीने कापते. त्याच्या एका तोंडाला पत्र्याची चकती बसवते, दुसऱ्या तोंडाला कान लावते आणि डोळे मिटून घेते. आधी लोकांना वाटलं, बोअरचं काहीतरी असेल. मग वाटलं, गोबरगॅसचं असेल. शेवटी लोकांनी विचारायचंच सोडून दिलं, आणि गावाने विचारायचं सोडलं की माणूस गावात असून नसल्यासारखा होतो.

काम तसं समजायला अवघड नव्हतं. रिकाम्या माठाच्या तोंडाशी कान नेला की आतून घुमारा येतो. मोठ्या माठाचा जाड, लहान माठाचा बारीक. बाहेर ट्रॅक्टर असो, कुत्री असोत, की भावकीचं भांडण असो, त्या सगळ्या गोंगाटातून माठ आपल्या मापाचा तेवढा सूर उचलतो आणि बाकीचा सोडून देतो. यशोधरा असेच माठ बनवायची, पण पाइपाचे, पत्र्याचे, तेलाच्या डब्यांचे. त्यांच्या तोंडात हरभऱ्याएवढा माईक सोडून आतला आवाज टिपून घ्यायची. तिने त्यांना नाव दिलं होतं घुमे. शेजारच्या रानातले गेणभाऊ तिला चिडवायचे, "घरात आता घुमे किती झालं गं? तुझा बाप धरून सांग."

जगात असलं काम करणारी आणखी काही माणसं आहेत. कुणी नॉर्वेत, कुणी चिलीत. ती एकमेकांना आवाज पाठवतात आणि उत्तरादाखल एखाददुसरा शब्द लिहितात. यशोधराचे मित्र म्हणायचे तर हेच, आणि त्यातल्या एकाचंही तोंड तिने पाहिलेलं नव्हतं.

पोटापाण्याचं काम वेगळं. पुण्यातल्या एका कंपनीसाठी ती बोलकी पुस्तकं साफ करायची. वाचणारा माणूस मध्येच श्वास ओढतो, घोट गिळतो, ओठ चाटतो, घसा खाकरतो. ते सगळं शोधून शोधून काढून टाकायचं, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटावं की या वाचणाऱ्याला शरीरच नाही. दिवसभर ती लोकांचं खाकरणं कापायची आणि उन्हं कलली की पाइप कापायची. ती आणि तिचा बाप सोपान एका छपराखाली राहत होते, एका तव्यावरची भाकरी खात होते, पण बोलणं म्हणाल तर "मोटार चालू केली का" आणि "लाईट आली का" एवढ्यावर भागायचं. आई होती तोवर दोघंही आईशी बोलायचे. ती गेल्यावर कळलं, की एकमेकांशी बोलायची त्यांना सवयच नव्हती.

आई, द्रौपदा, दोन वर्षांपूर्वी साध्या तापाचं निमित्त होऊन गेली. यशोधराने अर्धं आयुष्य आवाज टिपण्यात घालवलं होतं. कालव्याचं पाणी, आळेफाट्याच्या स्टँडावरची कंडक्टरची हाळी, कांद्याच्या चाळीतून शिरणारा वारा, सगळं तिच्याकडे साठवलेलं होतं. आईचा आवाज तेवढा नव्हता. आईकडे बटणांचा फोन, रोज बोलणं व्हायचं, आणि ज्या माणसाशी रोज बोलतो त्याचा आवाज कोण साठवून ठेवतो? आई गेल्यावर तिने सगळ्या फायली पालथ्या घातल्या. मागून कुठूनतरी आलेली एखादी हाकसुद्धा सापडली नाही. या एका गोष्टीसाठी ती रोज स्वतःला शिव्या द्यायची.

उरली होती ती एक कॅसेट. यशोधरा दुसरी-तिसरीत असताना वस्तीवर जयंतीच्या कार्यक्रमात द्रौपदा गायली होती. कार्यक्रमातलं पहिलंच गाणं तिचं. मंडपवाल्याने कार्यक्रम आपल्या मशीनवर भरून घेतला आणि दुसऱ्या दिवशी कॅसेट कौतुकाने तिच्या हातात ठेवली. घरात टेप नव्हता. शेजारी होता, पण द्रौपदा वाजवू देईल तर शपथ. "माझाच आवाज मी काय ऐकू? लाज वाटती बया." अशी ती कॅसेट जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून पेटीच्या तळाशी गेली ती गेलीच. कुणी पाहुणी आली की द्रौपदा पेटीकडे हात करून सांगायची, माझं गाणं हाये त्यात. पण ते गाणं कॅसेटीतून कुणीही ऐकलेलं नव्हतं.

यशोधराच्या मनात होतं ते असं. मागच्या खोलीत घुमे मांडायचे, प्रत्येक घुमा आईच्या आवाजातल्या एकेका सुराच्या मापाचा. मधोमध कॅसेट लावायची. आई गायला लागली की घुमे आपापला सूर उचलतील, खोलीच गायला लागेल, आणि फितीची खरखर, माणसांची गडबड सगळी मागे राहील. त्यासाठी तिने पुण्याच्या जुन्या बाजारातून एक टेप आणला होता, त्याचा पट्टा बदलला होता. आता तो फडकं पांघरून फळीवर बसला होता.

पेटी मात्र ती उघडत नव्हती. आधी घुमे होऊ देत, असं म्हणायची. इतकी जुनी फीत, एकदाच वाजेल आणि तुटेल, मग तयारी नको का? कारण बरोबरच होतं, पण खरं नव्हतं. खरं म्हणजे तिला भीती वाटत होती. गाणं ऐकलेलं नाही तोवर आईचं काहीतरी अजून यायचं बाकी होतं. ऐकलं की संपलं.

तर घुमे करण्यात उन्हाळा गेला आणि पावसाळाही सरत आला. आईचा सूर कुठला हे तिला तरी काय माहीत? पण यशोधराचा आवाज आईवर गेलाय असं सगळे म्हणायचे, म्हणून तिने आपल्याच आवाजाचं माप घेतलं. उभ्या पाइपात थोडंथोडं पाणी ओतायचं आणि तोंडाशी गुणगुणत राहायचं. पाणी नेमक्या पातळीला आलं की पाइप तळहाताखाली थरथरायला लागतो, हाताला मुंग्या आल्यासारखं वाटतं. तिथं खूण करायची आणि तेवढाच कापायचा. जाड सुरांना मात्र पाइप पुरेना, त्यासाठी अरुंद तोंडाचे डबे हवे होते. ते करून घ्यायला ती दोन एसट्या बदलून जुन्नरला राजमहंमदचाचांकडे गेली. चाचा नरसाळी, चाळण्या, पिपं करणारे. त्यांनी सांध्यांना कथलाचा डाग देऊन डबा तयार केला आणि उलटसुलट करून पाहिला.

"ह्यात भरायचं काय, बेटा?"

"काही नाही चाचा. रिकामाच ठेवायचाय."

"मग रिकाम्या डब्याला इतका पक्का डाग कशाला मागती?"

"हवा गळली तर आवाज धरत नाही."

चाचांनी डब्याच्या तोंडावरून फुंकर मारली. डबा हुंकारला. म्हातारा आधी दचकला आणि मग हसला. "उमर गेली डबे करन्यात," ते म्हणाले, "कधी कुनाला बोलतं केलं न्हाई." एवढं मोकळेपणी यशोधरा कितीतरी दिवसांत कुणाशी बोलली नव्हती.

परतल्यावर गेणभाऊ बांधावर भेटले. डबे बघून त्यांनी विचारलं आणि आईच्या गाण्यासाठी आहेत म्हटल्यावर गंभीर झाले. "लई मोठा आवाज व्हता तुझ्या आयचा," ते म्हणाले. "त्या जयंतीला माईकची गरजच पडली न्हाई. पार तिकडच्या आळीपतूर ऐकू आलं." यशोधराला अभिमान वाटला. घुमे तेवढ्या आवाजाला पुरतील का, हीच एक काळजी तिने घरी नेली.

सप्टेंबरात बाजरी दाण्यात आली आणि पाखरांचे थवे उतरायला लागले. पाखरं भिवायला पिकावरून फीत ओढायची रीत इकडे जुनी आहे. फितीला जरा पीळ देऊन खुंट्यांना ताणून बांधायची. वारा सुटला की ती गुणगुणते आणि पाखरं वरच्या वर निघून जातात. पूर्वी जुन्या कॅसेटींच्या फिती वापरायचे. आता कॅसेटी कुठून आणणार, म्हणून लोक दुकानातली चमकी पट्टी आणतात. सोपानने मात्र कॅसेटीचीच काळपट फीत ओढली होती. यशोधराने ती पाहिली आणि कुठल्यातरी सिनेमाच्या गाण्यांची असेल म्हणून सोडून दिली.

पण तिचा आवाज मात्र तिने सोडला नाही. दुपारच्या वाऱ्यावर सगळं रान एका सुरात भुणभुणायचं. वारा वाढला की सूर चढायचा, पडला की मावळायचा. तिने फितीखाली घुमे उभे केले, आत माईक सोडले आणि कानाला हेडफोन लावून बाजरीत बसून राहिली. आई गेल्यापासून इतकं शांत तिला कधी वाटलं नव्हतं. सोपान बांधावरून बघत होता. काहीतरी बोलायला म्हणून चार पावलं पुढे आला, आणि मग खुरपं उचलून माघारी गेला. रानातला तो आवाज तिने दूरच्या मित्रांना पाठवला. पहिल्यांदाच उत्तरादाखल एक नाही, चांगल्या चार ओळी आल्या. जेवताना बापाला सांगावं असं तिला वाटलं, पण कुठून सुरू करायचं ते सुचेना. "लाईट आली का," तिने विचारलं.

आणि एक दिवस कापायला पाइप उरला नाही. घुमे झाले. आता सबबही उरली नाही. यशोधराने हात धुतले, पेटी ओढली आणि उघडली. तळाशी लुगड्याचा तुकडा होता. नीट चौघडी करून ठेवलेला, सपाट.

सोपान ओसरीवर शेंगा फोडत बसला होता.

"बाबा, आईची कॅसेट कुठंय?"

"रानात हाये."

"रानात कुठं?"

"बाजरीवर."

तिला क्षणभर काही कळलंच नाही. कळलं तेव्हा तिच्या तोंडून जे निघालं ते फार कडू होतं. "दुकानात चमकी पट्टी मिळत नव्हती? पाखरांवर बांधायला आईच सापडली तुम्हाला? तिचं एवढंच तर होतं." सोपानने पुढची शेंग उचलून फोडली. त्याचाच तिला जास्त राग आला आणि ती पायात चप्पल न घालता रानाकडे निघाली.

खुंटीवरची गाठ सोडून ती फीत हातावर गुंडाळायला लागली. उन्हाने फीत वाळली होती. पिळाशी आली की तुटायची, आणि वरचा तपकिरी लेप भुकटी होऊन तळहाताला लागायचा. ही भुकटी म्हणजेच आवाज, हे तिच्याइतकं गावात कुणाला ठाऊक होतं? तळहात बघून तिचा धीर सुटला. बाजरी पुरुषभर उंच झाली होती. आत बसून ती मोठमोठ्याने रडली, आणि वर उरलेली फीत वाऱ्यावर भुणभुणत राहिली.

काही वेळाने काठी आपटल्याचा आवाज आला. "यशे, दिवस कलला. बिबट्या हिंडतोय. घरी चल."

"मी नाही येत."

सोपान बाजरी बाजूला सारत आला आणि काठी आडवी ठेवून तिच्यासमोर मातीत बसला. त्याने एक ढेकूळ उचलून बोटांनी फोडलं.

"त्यात काय नव्हतं गं," तो म्हणाला.

"काय नव्हतं?"

"गाणं. गाणं नव्हतं त्यात. ती गेल्यावर मी मंचरला न्हेली व्हती. एकाकडं जुना टेप हाये. म्हणलं, येकदा ऐकू. त्यानं लावली. पुकारणाऱ्यानं तिचं नाव घेतलं, आन् मंग नुस्तं भुंऽऽ. बाजू सरंपतूर भुंऽऽ. पालटून लावली, तर तिकडं त्येबी न्हाई. माईक तिच्या हातात दिला आन् तवाच गेला आसंल. ती गायली ती तशीच, बिनमाईकची. लोकांनी ऐकलं. कॅसेटीत गेलंच न्हाई."

यशोधराला गेणभाऊंचं बोलणं आठवलं. माईकची गरजच पडली न्हाई. तिने ते कौतुक समजून घरी नेलं होतं.

"आईला माहीत होतं?"

"न्हाई. तिनं कवा वाजवू दिली? गाणं हाये आसं समजूनच गेली ती." सोपानने नाक पुसलं. "बरं झालं."

"आणि मला का नाही सांगितलं?"

"कसं सांगू? तू पाइप कापीत व्हतीस. रोज वाटायचं, आता तू पेटी उघडशील, मंग उघडशील. फेकून द्यावी तर हात व्हईना. मंग म्हणलं, पाखरं राखायला दर साली तीच बसायची ना? तिचीच फीत हाये. राखू दे तिला औंदाबी."

दोन वर्षं दोघं एका घरात एकाच कॅसेटीभोवती फिरत होते. एक ऐकायला भीत होती आणि दुसरा ऐकून बसला होता. यशोधराने हातावरची फीत हळूच सोडली. तुटली होती तिथं सोपानने गाठ मारली आणि खुंटीला पुन्हा बांधली. मग काठी उचलत तो म्हणाला, "सगळी न्हाई बांधली मी."

घरी आल्यावर त्याने कोनाड्यातलं चष्म्याचं घर काढलं. आत चष्मा नव्हता. कापसावर फितीचं एक लहानसं वेटोळं होतं. "सुरवातीचं दोन-तीन हात तोडून ठिवलंय. नाव पुकारल्यालं. आन्... तूच बग."

कॅसेटीचं रिकामं खोकंही त्याने जपून ठेवलं होतं. यशोधराने ते उघडलं, फितीचा तुकडा चिकटपट्टीने दोन्ही चाकांना जोडला, पेन्सिल घालून गुंडाळला. मागच्या खोलीत घुमे भिंतीला लागून उभे होते. मधोमध टेप ठेवला. सोपान उंबऱ्यापाशी बसला. लाईट होती. तिने बटण दाबलं.

आधी खरखर. मग माणसांचा कालवा, कुठंतरी रडणारं पोर. मग एका पुरुषाचा आवाज, हौशी आणि घाईतला, "आता आपल्या वस्तीतल्या द्रौपदाबाई गाणं म्हणतील. या बाई, लाजू नका." टाळ्या. माईक हातातून हातात गेल्याची खुडबुड. आणि मग एका बाईने घसा खाकरला. एकदाच, हळू, तोंडावर पदर धरून खाकरावं तसा.

फीत संपली. चाक अडून थांबलं.

पण खोलीत काहीतरी राहिलं होतं. त्या एवढ्याशा खाकरण्याने सगळे घुमे एकदम हलले होते. पाइप, तेलाचे डबे, चाचांनी डाग दिलेले पत्रे, सगळे आपापल्या सुरात हुंकारत होते. जरा वेळ ते टिकलं आणि विरून गेलं.

"हीच ती," सोपान म्हणाला. "नुस्तं गाण्याच्याच आधी आसं न्हाई. कायबी बोलायच्या आधी ती आसं करायची. मला हाक मारायची झाली तरी. मला आधीच कळायचं, आता हाक येणार."

रोज सकाळपासून उन्हं कलेपर्यंत यशोधरा नेमकं हेच कापून टाकत होती. किती माणसांचं कापलं असेल, आणि त्यांच्या घरी कुणीतरी ते शोधत असेल. आवाज टिपायचं बटण दाबायचं राहून गेलंय हेही तिच्या आत्ता लक्षात आलं.

"परत लाव," सोपान म्हणाला.

तिने पेन्सिलीने फीत मागे घेतली. घुम्यांच्या तोंडातले माईक तपासले, टिपायचं बटण दाबलं आणि बापाला खुणेने आत बोलावलं. तो येऊन तिच्याशेजारी भिंतीला टेकून बसला. दोघं इतकी जवळ कधी बसली होती ते तिला आठवेना.

पुन्हा खरखर, पुन्हा कालवा, पोराचं रडणं, या बाई, लाजू नका. टाळ्या. खुडबुड. आईने घसा खाकरला. घुमे हुंकारले आणि शांत झाले.

पुढे काही नाही हे दोघांनाही माहीत होतं. तरी मान जराशी पुढे करून, श्वास धरून, दोघंही गाणं सुरू व्हायची वाट बघत बसली.